ते मी वाचलं नव्हतं, बाबा

प्रिय बाबा,

मी ते वाचलं नव्हतं.

खरं तर एवढंच सांगायचं आहे. बाकीचं पाल्हाळ. पण तुम्हीच म्हणायचात ना, की आमची वृंदा मुद्द्यावर यायला आधी तीन देश फिरते! तर आज मुद्दा आधी सांगितला, आता फिरते. ऐकाल ना?

चार दिवसांपूर्वी तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली, गुरुजी गेले, मी आणि आई धायरीच्या त्या तुमच्या अरुंद स्वयंपाकघरात उरलेलं अन्न डब्यांत भरत होतो. आई खिरीच्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "दोन ओळींचं का होईना, उत्तर द्यायचं होतंस ग त्यांना. वाचलंस आणि नुसतं बंद केलंस."

"काय वाचलं?"

"काय म्हणजे? ते कॉम्प्युटरवर लिहिलं होतं ते. आठ दिवस लिहीत होते. तुला दिसावं म्हणून उघडं ठेवलं होतं."

मी डाव खाली ठेवला. आई माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं. वीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे ती, मूल खोटं बोलतंय की खरं, ते तिला कपाळावरून कळतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे तू वाचलंच नव्हतंस!"

नाही हो बाबा. नव्हतं वाचलं. आणि तुम्ही वाचलंय असं समजून गेलात.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं झालं? सांगते. त्यासाठी पुण्याजवळच्या तुमच्या मांजरी गावापर्यंत मागे जावं लागेल, बाळूकाकांच्या वास्तुशांतीपर्यंत. जिथे तुम्हा दोघा भावांचं बालपण उसात गेलं, तिथे आता काकांच्या नावाची सात मजली इमारत उभी होती. मी हॉलंडहून मुद्दाम आले होते. पंगत बसली होती. समोरच्या एका वहिनींनी अगदी साधेपणाने विचारलं, "तुमचं नक्की गाव कुठलं म्हणायचं हो?" आणि मला काय झालं कुणास ठाऊक!

मी म्हणाले, "मला गाव नाही. यांनी मला कुठे ठेवलंच नाही. पेट्यांबरोबर फिरवली, पेट्यांसारखीच."

तीस माणसं होती. काका कळवळून म्हणाले, "आसं काय बोलतीस पोरी? हे काय हाय मग समदं? तुजंच हाय की!" आणि तुम्ही? तुम्ही वाढप्याला हाक मारलीत आणि म्हणालात, "जिलब्या आणा. इकडे तोंड गोड करायची गरज दिसतेय."

सगळे हसले. मला तुमचा राग आला. पुणेरी माणसाला जिथे लागतं तिथे तो हसं करतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पन्नाशीच्या बाईला हे कळू नये? पण नाही कळलं. मी दोन दिवसांत परत गेले, तुमच्याशी धड न बोलता.

तुम्हाला वाटलं असेल, हे त्या दिवशीच कुठून तरी आलं. नाही बाबा. ते केनियापासून साठलेलं होतं.

आठवतं ना केनिया? मी चार वर्षांची गेले, नऊ वर्षांची निघाले. तुम्ही साखर कारखान्याचे केमिस्ट, कंत्राटावर. तुमच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ओडुओरची मुलगी अकिन्यी, ती माझी पहिली मैत्रीण. आम्ही दोघी त्यांच्या अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचो. निम्म्या पोटात, निम्म्या टोपलीत. तिची आई ओरडायची, ते मला कळायचं नाही, अकिन्यीला कळायचं आणि तरी ती फोडत राहायची.

आणि तुमचा तो नियम! कंत्राट संपलं की आठवड्यात गाशा गुंडाळायचा. माणशी एक पेटी. पेटीत मावेल ते आपलं, उरेल ते तिथलं. आणि निरोप लांबवायचा नाही, लांबवला की रडारड होते. तुम्ही मला सांगितलं होतं की आपण शनिवारी निघायचं. मी अकिन्यीला तेच सांगितलं होतं. शनिवारी सकाळी ती येणार होती, मी तिला माझी रंगपेटी देणार होते. तुम्ही शुक्रवारी पहाटेच गाडी बोलावलीत.

मला रडू येऊ नये म्हणून! केवढी माया, आणि केवढा अन्याय! नैरोबीपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तुम्ही आईला म्हणालात, "बघ, रडली नाही की नाही?"

मग सुदान. तिथे शाळा नव्हतीच म्हणायची. कारखान्याच्या वसाहतीत आम्ही तीन हिंदुस्थानी मुलं, आणि आई आम्हाला एका खोलीत शिकवायची. मराठीची पाठ्यपुस्तकं पुण्याहून मावशी पाठवायची, ती पोचेपर्यंत माझी इयत्ता पुढे गेलेली असायची. गणित आईकडून, अरबी भाजीवाल्याकडून, आणि वाळू दातांखाली. केनियात साखरेला 'सुकारी' म्हणत, इथे 'सुक्कर'. तुम्ही खुशीत म्हणायचात, "एक शब्द तर तुला सगळीकडे येतोच! बाकीचे शिक." तुमच्या लेखी जग म्हणजे ऊस, रस आणि दाणेदार साखर. कुठेही जा, तेच.

माझ्या लेखी तसं नव्हतं हो. माझं दर तीन-चार वर्षांनी सगळं कोरं व्हायचं.

फिजीला गेलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिथे हिंदी बोलायचे, पण माझ्यासारखी नाही, मला त्यातलं निम्मं कळायचं. शाळेत मी मधल्या सुट्टीत पायरीवर बसायचे. तुम्ही हे कधी विचारलं नाहीत. पण एक केलंत, आणि ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज सांगते.

प्रयोगशाळेत कॉम्प्युटर आला होता, कारखान्यातला पहिला. दोन खोक्यांतून आला आणि महिनाभर फडक्याखाली झाकलेला होता, कारण हात लावायला सगळे भीत होते. तुम्ही मला शाळेतून परस्पर तिकडे नेलंत. तुमच्या हाताखालच्या माणसांना म्हणालात, "पोरगी नुसतं यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचून दाखवेल." आणि मला हळूच म्हणालात, "बघ काय जमतंय. मोडलंस तर माझ्या नावावर."

तीन आठवड्यांनी मी दिवसभरातल्या रसाच्या नोंदींची सरासरी काढणारा एक एवढासा प्रोग्राम लिहिला. उत्तर चुकीचं येत होतं. तुम्ही कागदावर हाताने करून पाहिलंत, मला माझी चूक दाखवली नाहीत, नुसतं म्हणालात, "यंत्र बरोबर आहे, वृंदे. तू चुकतेयस. शोध." मला दोन दिवस लागले. सापडलं तेव्हा मी प्रयोगशाळेत उड्या मारल्या आणि तुम्ही सगळ्यांना उसाचा रस पाजलात!

बाबा, त्या दिवशी मला माझी जागा मिळाली होती. ते यंत्र मला विचारत नव्हतं, तू कुठली? मी सुदानमध्ये शिकलेलं गणित त्याला फिजीत चालत होतं. पुढे पुण्यात आलो तरी चालणार होतं. पहिल्यांदाच मला असं काहीतरी मिळालं होतं, की जे कुठल्याही पेटीशिवाय बरोबर नेता येतं. लोक विचारतात, तू या क्षेत्रात कशी आलीस? मी काहीतरी सांगते. कॉलेज, मार्क, संधी. खरं उत्तर तुम्ही आहात. हे मी तुम्हाला एकदा तरी सांगायला नको होतं का?

त्याऐवजी मी पंगतीत काय सांगितलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

पुण्यात आलो तेव्हाची मजा मात्र तुम्ही कायम सांगायचात. बिबवेवाडीत मावशीकडे राहत होतो, मी दुकानात गेले आणि पाठ्यपुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "आपणांकडे उत्तम प्रतीची लेखणी उपलब्ध आहे काय?" दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "पेन पाहिजे का निवेदन द्यायचंय?" मी रडत घरी आले. तुम्ही पोट धरून हसलात, मग माझ्याबरोबर पुन्हा दुकानात आलात आणि त्यांना म्हणालात, "हिला एक पेन द्या, आणि मला निवेदन द्यायचंय." तीन पेनं घेतलीत, लागत नसताना!

शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि तुमची मुलगी शेवटी स्वतःच पेटी भरून हॉलंडला गेली. तिथे माझं काम काय, ते तुम्ही शेजाऱ्यांना फार अभिमानाने सांगायचात. "लोकांचं कॉम्प्युटरमधलं हरवलेलं ती परत आणून देते." इतकं सोपं नाही ते, पण तुम्ही फार काही चूक सांगत नव्हतात. दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या नोंदी जपून ठेवायच्या, आणि गेल्याच तर परत आणायच्या, हेच माझं सत्तावीस वर्षांचं काम. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

तुम्ही सत्तरीनंतर कॉम्प्युटर घेतलात. मराठी टाइप करायला शिकलात. एका वेळी चाळीस-चाळीस खिडक्या उघड्या ठेवायचात, मग यंत्र अडायचं, मग तुम्ही मला फोन करायचात. मी वैतागले आणि तुमच्याकडे एक सोय बसवून दिली. मी हॉलंडमध्ये बसून तुमचा पडदा बघू शकत होते, तुमचा माउस हलवू शकत होते. रविवारी संध्याकाळी साडेपाचला मी 'यायचे', साफसफाई करायचे, दहा मिनिटांत जायचे.

सुरुवातीला फोनही चालू असायचा. मग कधीतरी तो बंद झाला. कशाला बोलायचं, काम तर होतंय! पडद्यावरच्या एकाच बाणावर तुमचाही हात आणि माझाही, तो वेडावाकडा पळायचा. मी पडद्यावर टाइप करायचे, 'हात काढा.' तुम्ही काढायचात.

आई आता सांगते, रविवारी पाच वाजल्यापासून तुम्ही खुर्ची ओढून बसायचात. बाण हलला की तिला हाक, "अगं ये, वृंदा आली!" ती म्हणायची, "अहो, ती कुठे आलीये? तो बाण आहे." तर तुम्ही म्हणायचात, "बाणाला हात तिचाच आहे ना?"

मला हे माहीत नव्हतं हो! मी तिकडे एकीकडे भाजी चिरत तुमच्या खिडक्या बंद करत होते.

वास्तुशांतीनंतर तर मला ही सोय फारच सोयीची झाली. बोलायला नको आणि कर्तव्य केल्याचं समाधान! तशाच एका रविवारी पडद्यावर लिहायची खिडकी उघडी होती. मी निवांत वाचावं म्हणून तुम्ही त्या दिवशी खुर्ची सोडून मुद्दाम फिरायला गेला होतात, हे आईने आता सांगितलं. मजकूर बराच होता. मला वाटलं, तुमचं नेहमीचं, कुणीतरी पाठवलेला मुतखड्यावरचा काढा नाहीतर योगासनं. मी वाचलं नाही. एक ओळसुद्धा नाही. मी बंद केलं, यंत्राने विचारलं, 'जतन करायचं?' आणि मी 'नाही' दाबलं. बाकीच्या खिडक्याही बंद केल्या, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, आणि निघून गेले.

मंगळवारी तुमचा फोन आला. हा फोन मी या चार दिवसांत किती वेळा ऐकला असेल मनात!

"वृंदे, ते उघडं ठेवलेलं दिसलं का तुला?"

"हो, दिसलं. बंद केलं मी."

"मग?"

"मग काय? किती वेळा सांगितलं बाबा, सगळं उघडं टाकून ठेवू नका. यंत्र मंद होतं त्यानं."

"बरं," तुम्ही म्हणालात. "बंद केलंस ते ठीकच केलंस. जेवलीस का?"

मी जेवले होते. तुम्ही फोन ठेवलात. अडीच महिन्यांनी तुम्ही गेलात, सकाळी चहा घेता घेता, कुणाला काही न सांगता. निरोप लांबवायचा नाही, हा नियम तुम्ही शेवटपर्यंत पाळलात.

बाबा, अहो, एकदा चिडून विचारायचं होतंत! "मी एवढं लिहिलं आणि तुला काहीच वाटलं नाही?" असं ओरडायचं होतंत! मांजरीची सगळी भाषा काढून शिव्या घालायच्या होत्यात! नुसतं 'बरं' म्हणून गप्प बसलात. दुसऱ्याला त्रास नको, या नावाखाली आयुष्यभर सगळं आत ठेवलंत आणि आम्हाला अंधारात. याचा मला राग आहे, आजही आहे. पण 'मग?' म्हणून तुम्ही विचारलं होतंत, आणि मी ऐकलं नाही. हा दोष तुमच्यावर कसा टाकू?

तीन दिवस मी तुमचा कॉम्प्युटर उघडून बसले होते. जेवढी अवजारं मला येतात तेवढी सगळी लावली. तुमचे ऊस-रसाचे तक्ते मिळाले, आईच्या वाढदिवसाचा फोटो मिळाला, मुतखड्याचा काढाही मिळाला. ते मिळालं नाही. जे कधी जतनच केलं नाही ते परत आणता येत नाही, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते.

त्यात काय होतं, आईलाही माहीत नाही. तुम्ही तिला वाचू दिलं नाहीत, "तिचं आहे" म्हणालात. फक्त तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही तिला एक विचारलंत. "तिच्या त्या केनियातल्या मैत्रिणीचं नाव काय होतं ग? आपण शुक्रवारीच निघालो तेव्हाची?"

आईने सांगितलं, अकिन्यी. तुम्ही एकेक अक्षर शोधत ते टाइप केलंत.

एवढं एक नाव माझ्या हाती आलंय, बाबा. त्याच्या आधी काय होतं, नंतर काय होतं, मी जन्मभर अंदाज करत बसणार. पण तुमच्या लक्षात होतं! शुक्रवारही लक्षात होता! मला वाटायचं, तुम्हाला कळलंच नव्हतं.

आणि काल आणखी एक झालं. आईला मावशीकडे फोटो पाठवायचा होता. मी सवयीने तिच्या हातातला फोन घ्यायला गेले, म्हणजे पाच सेकंदांत झालं असतं. मग हात मागे घेतला आणि तिच्याशेजारी बसले. "तूच कर, मी सांगते." पाऊण तास लागला. ती एक बोट ठेवायची, चुकायची, आणि मध्येच काहीतरी बोलायची. त्या बोलण्यात ती सहज म्हणाली, "फिजीनंतर ह्यांना मोठी जागा आली होती, दक्षिण अमेरिकेत. सगळा कारखाना ह्यांच्या हाताखाली असणार होता. नाही म्हणाले."

"रक्तदाबामुळे ना?" मी म्हणाले. तुमच्या रक्तदाबामुळे परदेश सोडला, असंच आम्ही सगळे ऐकत आलो होतो.

आई फोनमधून मान वर न करता म्हणाली, "रक्तदाब ह्यांना कधी होता? तू शाळेत पायरीवर एकटी बसतेस, हे ह्यांनी एकदा कुंपणाबाहेरून पाहिलं. घरी येऊन म्हणाले, बास झालं आता, हिला एका जागी राहू दे. म्हणून आलो ना पुण्यात. म्हणून तर मग निवृत्तीपर्यंत इथल्या कॉलेजात पोरांना शिकवत बसले."

आईने फोटो पाठवला, चुकून दोनदा, आणि खूश झाली.

तुम्ही मला ठेवलं होतंत, बाबा. आयुष्यातली सगळ्यात मोठी खुर्ची सोडून ठेवलं होतंत. आणि मी तीस माणसांदेखत म्हणाले, की ठेवलंच नाही. त्या पंगतीत एक वाक्य बोलला असतात तर मी मातीत गेले असते. तुम्ही जिलब्या मागवल्यात!

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, इतकं मला कळतं. पण जे बोलले ते बंद दाराआड बोलले नव्हते, तेव्हा मागेही बंद दाराआड घेता येणार नाही. उद्या बाळूकाकांनी मांजरीला सगळ्यांना जेवायला बोलावलंय, त्या वहिनीही असतील. मी तुम्हाला शब्द देते. पान वाढल्यावर, पहिला घास घ्यायच्या आधी, मी उभी राहीन आणि त्यांना सांगेन, वहिनी, तुम्ही मागे विचारलं होतंत त्याचं मी खोटं उत्तर दिलं होतं. माझं गाव पुणे. माझ्या वडिलांनी ते माझ्यासाठी घेतलं होतं, आणि किती मोलाने घेतलं, ते त्यांनी मला कळू दिलं नाही.

रडू आलं तर येऊ दे. लांबलं तर लांबू दे.

तुमचीच,
वृंदा
धायरी, पुणे